सही माझी, काम कादरमिस्त्रीचं

दिग्रसात एखादं जुनं घर पाडायला काढलं, की भिंतीवरची वायरिंग पाहून कोणी ना कोणी मला म्हणतंच, "देवराव, काम करावं तं तुमच्यासारखं." पूर्वी मी हसून मान हलवायचो. आता वय झालं, आता माझं डोकं फिरतं. ते काम माझं नाही. वीज खात्याच्या कागदावर सही माझी आहे, तेवढीच. काम कादरमिस्त्रीचं आहे. माझं काम पाहायचं असेल तर जिथे वायर नागमोडी गेली आहे आणि बोर्डाच्या कडेतून अर्धा इंच रबर बाहेर डोकावतं आहे, ती घरं पाहा. तीही गावात पुष्कळ आहेत.

मी दिग्रसला आलो तेव्हा गावात विजेचे खांब नुकतेच उभे राहिले होते. छप्पन साल सरलं असेल-नसेल. मी यवतमाळहून वायरमनचा परवाना घेऊन आलो होतो, लग्न नवीन होतं, अंगात मस्ती होती. दोन खोल्यांचं घर सकाळी हातात घेतलं तर दिवस बुडायच्या आत दिवा लावून मोकळा, अशी माझी ख्याती. लोकांनाही तेच हवं होतं. शेजाऱ्याकडे लाइट आली आणि आपल्याकडे अजून कंदीलच, हे कोणाला सोसवत नव्हतं. मला एका घरातून दुसऱ्या घरात अक्षरशः ओढून नेत.

एका कापसाच्या व्यापाऱ्यानं आपल्या घराचा पुढचा भाग मला दिला आणि मागचा भाग कादरमिस्त्रीला. शेटजींना वाटलं, दोघं लागले तर लवकर होईल. माझ्या तीन खोल्या झाल्या, तरी मागून ठोकाठोकीचा आवाज येईना. मी पाहायला गेलो. तर हा माणूस अंगणात उकिडवा बसलेला. डोक्यावर काळी टोपी, कानावर पेन्सिल, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. समोर उन्हात वायरचं अख्खं बंडल सोडून लांबच लांब पसरलेलं, आणि हा नुसता तिच्याकडे पाहत बसलेला.

मी विचारलं, "मिस्त्री, हे काय वाळवण घातलं काय?"

तो म्हणाला, "मुंबईहून गुंडाळून आली हाय बिचारी. थोडी पाठ टेकू द्या तिले. मंग सरळ चालते."

मी हसलो. मनात म्हटलं, हा माणूस उपाशी मरणार. संध्याकाळी तो माझ्या तीन खोल्या पाहायला आला. भिंतींवरून नजर फिरवली, एका कोपऱ्याशी थांबला. मी तिथे वायर पकडीनं दाबून काटकोनात वळवली होती. त्यानं तिथे बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाला, "इथी दुखावली, देवराव." माझी अशी सटकली म्हणता. दिवा लागला ना? लागला. मग झालं तर. पण दुसऱ्या दिवशी त्याची एक भिंत पाहिली आणि मी गप्प बसलो.

त्या काळात वायरिंग म्हणजे भिंतीवर सागवानी पट्टी ठोकायची, पट्टीवर पितळी क्लिपा आणि क्लिपांत वायर. पट्टी बसवायला भिंतीत भोकं पाडून लाकडी गट्ट्या ठोकाव्या लागत. आमच्याकडच्या भिंती मातीच्या, गट्टी धरत नाही. मी तिथे चार खिळे जास्त मारायचो आणि देवावर हवाला ठेवायचो. मिस्त्री भोक आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरायचा, म्हणजे गट्टी ओढली तरी बाहेर येणार नाही. मग ओळंबा सोडायचा, गेरूत भिजवलेला दोरा मारायचा, आणि त्या तांबड्या रेघेवर पट्टी अशी चढवायचा, की रेघ दिसायची नाही. क्लिपा चार-चार बोटांवर. पेच बसवला की त्याची खाच उभीच राहिली पाहिजे. मी एकदा चिडून विचारलं, "मिस्त्री, ह्या खाचा आडव्या राहिल्या तं लाइट लागत नाही काय?" म्हणाला, "लागते. पन आडव्या खाचेत धूळ बसते." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

बोलणं कमी. आवाज कधी चढला नाही. हत्यारांसाठी त्याच्या बायकोनं जाड कापडाची गुंडाळी शिवून दिली होती, तिच्यात प्रत्येक पेचकसाला वेगळा कप्पा. काम संपलं की एकेक हत्यार पुसून आपापल्या घरात. मग तो खोली स्वतः झाडायचा. घरची बाई झाडू घ्यायला आली की म्हणायचा, "नाई माय, कचरा माह्या कामाचा हाय." पूर्वी तो कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनखात्यात होता, तिथल्या डायनामोवर हे काम शिकला. त्यापलीकडचं मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

आम्ही जोडीनं कामं घ्यायला लागलो, ते असं. परवाना माझ्याकडे होता, त्याच्याकडे नव्हता. घराची वायरिंग झाली की वीज खात्याला एक कागद द्यावा लागे, त्यावर परवानेवाल्याची सही लागे. सही माझी. लोकांना घाई असली की मी जायचो. लोकांना घाई नसली, म्हणजे फारच क्वचित, तर तो जायचा. पुढे पुढे मात्र लोक मलाच म्हणायला लागले, "देवराव, मागच्या टायमाले अमक्याकडे केलं तसं नीट करजा." अमक्याकडे मिस्त्रीनं केलेलं असायचं. मी हो म्हणायचो आणि मिस्त्रीला पाठवायचो. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायला लागलं होतं.

बोरी अरबच्या एका पाटलाच्या घरचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं. मी मोजून पट्टी लावायला घेणार, तेवढ्यात मिस्त्री पाटलाला म्हणाला, "घरातल्या बायायले सांगा, दिवे लावाच्या टायमाले जशा येतात तशा एकेक या. हातात जे असते ते घेऊन या. मोकळा हात भिंतीवर जिथी पडन, तिथी हळदीचं बोट लावा." आणि आपण बाहेर ओसरीवर जाऊन भिंतीकडे पाठ करून बसला, कारण त्या घरातल्या सुना परक्या माणसासमोर येत नव्हत्या. मला म्हणाला, "तुमीबी या." मीही बसलो, दात ओठ खात. आत बांगड्या वाजत होत्या, हसणं चाललं होतं. एकीच्या कडेवर पोर, एकीच्या हातात दुधाचं भांडं. पाटलाची म्हातारी आई काठी टेकत आली असावी, कारण टकटक ऐकू आली. अर्धा दिवस गेला की नाही? गेला.

आम्ही आत गेलो तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीन पिवळी बोटं. दोन वर, एक बरंच खाली. मिस्त्रीनं खालच्या बोटावर पेन्सिलची फुली मारली.

पाटील म्हणाले, "अहो, पन सगळीकडं तं बटन खांद्याइतकं उंच असते."

"सुनायचा हात खाली येते पाटील," मिस्त्री म्हणाला, "आजीचा हात वर जात नाई."

बटन तिथेच बसलं. पुढे मी कशासाठी तरी त्या घरी गेलो, तेव्हा म्हातारीनं मला चहा पाजला आणि दोनदा बटन दाबून दाखवलं. "पाय, माह्यं बटन," म्हणाली. मी म्हटलं, "आजी, ते मिस्त्रीनं लावलं." म्हातारी म्हणाली, "तोच ना, पाठ करून बसलता तो?"

आता माझ्या लाजेची गोष्ट सांगतो. सांगितल्याशिवाय मिस्त्री कळायचा नाही. गावच्या शाळेतल्या एका गुरुजींचं घर मी एका दुपारात उरकलं होतं. महिन्याभरानं त्यांच्या बायकोला दिव्याची धूळ पुसताना झटका बसला. बटन बंद होतं, दिवा विझलेला होता, तरी बसला. बाई स्टुलावरून पडल्या, कोपर सुजलं. मी तेव्हा आर्णीला होतो. गुरुजी मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीनं बोर्ड उघडला आणि पाहिलं, की मी घाईत बटन ठंड्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या, तारेवर बसवलं आहे. बटन बसतं वीज आणणाऱ्या गरम तारेवर, म्हणजे ते बंद केलं की दिव्यापर्यंत वीज येतच नाही. ठंड्या तारेवर बसवलं तरी दिवा लागतो, विझतो, कोणाला काही कळत नाही. होल्डर मात्र जिवंत राहतो.

त्यानं सबंध दिवस मोडून त्या घरातली चारही बटनं बदलली. गुरुजींनी विचारलं, "काय झालं होतं मिस्त्री?" तर म्हणाला, "तारीची अदलाबदल झालती. आता ठीक हाय." कोणी केली ते सांगितलं नाही. मी परतल्यावर हॉटेलात चहा पिताना मला म्हणाला, "देवराव, गुरुजीच्या घरचे बटन गरम तारीवर घेतले." आणि बशीतला चहा फुंकत बसला. मी वाट पाहिली, आता काही बोलेल. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी मी त्या गल्लीतली माझी सगळी घरं पुन्हा उघडून पाहिली. आणखी दोन ठिकाणी तेच निघालं.

असा हा माणूस, आणि मी त्याच्याशी काय केलं? आर्णी रस्त्यावर एका वकिलाचं नवीन घर झालं होतं. मिस्त्रीनं त्यात तीन आठवडे घालवले. वीज खात्याचे तपासणीचे साहेब आले, सगळ्या खोल्यांतून फिरले, भिंतींपाशी वाकून वाकून पाहिलं. मला म्हणाले, "देवराव, काम तुमचं?" कागदावर माझंच नाव होतं. मी म्हटलं, "हो साहेब." मिस्त्री स्टुलावर उभा राहून शेवटचा पेच आवळत होता. साहेबांनी विचारलं, "आणि हे?" त्या दिवशी मला साहेबांना आणखी दोन घरं दाखवायची होती. सगळं सांगत बसायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "हेल्पर आहे माझा."

माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस. मिस्त्रीनं पेच फिरवला, खाच उभी केली, खाली उतरला, खोली झाडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी आला. "देवराव, ते परीक्षेचा फारम कुठी भेटते?"

त्याला पैसे नको होते, मोठी कामं नको होती. त्या कागदावर एक चौकोन असे, 'काम करणाराचे नाव' असा. त्या चौकोनात त्याला आपलं नाव हवं होतं. त्याला उर्दू लिहिता येत होतं. मराठीत सही करायची म्हणून तो क्लिपांच्या रिकाम्या डब्यांवर 'अब्दुल कादर' लिहून पाहायला लागला. एक सही करायला त्याला अर्धं मिनिट लागे. मात्रा सरळ आली नाही तर खोडून पुन्हा. मी म्हटलं, "मिस्त्री, सही म्हणजे काय छापखाना हाय?"

परीक्षा यवतमाळला, एका मोठ्या शेडात. प्रत्येकासमोर भिंतीएवढी लाकडी फळी. तिच्यावर जिन्याची वायरिंग करायची: दिवा एक, बटनं दोन, एक खाली नि एक वर, कुठूनही लावा, कुठूनही विझवा. वेळ तीन तास. मी हीच परीक्षा दोन तासांत देऊन सिनेमा पाहायला गेलो होतो.

पहिल्या खेपेला मिस्त्रीनं पट्टीचे कोपरे तासण्यातच पाऊण वेळ घालवला. घंटा झाली तेव्हा त्याच्या फळीवर शेडातली सगळ्यांत सुंदर पट्टी होती, आणि वायर एक इंचही नव्हती. नापास.

दुसऱ्या खेपेला मी त्याला बजावून पाठवलं, की पट्टी खडबडीत राहिली तर राहू द्या. त्यानं ऐकलं. पण काम सुरू करायच्या आधी तो परीक्षक साहेबांकडे गेला आणि विचारलं, "साहेब, या घरात राह्यते कोन?"

साहेब म्हणाले, "कोणत्या घरात?"

"ज्याचा हा जिना हाय, त्या."

"अहो, फळी आहे ही. कोणी राहत नाही."

"तरीबी. म्हातारं मानूस असन तं खालचं बटन खाली घ्या लागन. लेकरं असन तं वर."

सगळं शेड हसलं. साहेबही हसले. त्यांनी सांगितलं, "तुमच्या मनाला येईल तिथे लावा." हे त्याला सांगायला नको होतं. कोणाच्या घरचं आहे हे ठरल्याशिवाय त्याचा हात चालेना. खालचं बटन त्यानं दोनदा लावलं, दोनदा काढलं. नापास. परत येताना दारव्ह्याच्या स्टँडवर गाडी थांबली होती, तिथे मला म्हणाला, "साहेब चांगले हायेत. पन घर सांगाले पाह्यजे होतं."

मग मी कंबर कसली. माझ्या ओट्यावर तशीच फळी उभी केली, घरातलं गजराचं घड्याळ आणून ठेवलं, आणि रोज सकाळी त्याला घेऊन बसलो. म्हटलं, या माणसाला पळायला लावून दाखवीन, नाही तर नावाचा देवराव नाही.

"मिस्त्री, हात चालवा."

"चालूनच तं राह्यला."

"चालवू नका, पळवा."

"पळन तं पडन."

त्याची बायको चहाची किटली घेऊन यायची. तिला मी भाभी म्हणायचो. ती पदर सावरत दाराशी उभी राहून तमाशा पाहायची. एकदा म्हणाली, "देवरावभाऊ, कायले जीव आटवता? यायनं निकाहात कबूल म्हनालेबी इतका येळ लावला, का काझीसाहेब घाबरले होते." मिस्त्री क्लिप वाकवता वाकवता म्हणाला, "तीनदा म्हना लागते. नीट म्हनत होतो." भाभी हसत हसत आत माझ्या बायकोकडे गेली.

पण वेळ खरंच उतरायला लागला. चार तास, साडेतीन, सव्वातीन. मी त्याच्यामागे उभा राहून घड्याळाचे काटे मोठ्यानं वाचायचो. त्याच्या कपाळावर घाम यायचा, पेचाची एखादी खाच आडवी राहायची, तो तिच्याकडे पाहायचा आणि मी ओरडायचो, "सोडा ती." तो सोडायचा. एक दिवस पावणेतीन तासांत दिवा लागला. मला इतका आनंद झाला, की मी पेढे आणले. मिस्त्रीनं पेढा खाल्ला, फळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "लागला खरा."

तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेलो. आत जायची परवानगी नव्हती, म्हणून शेडाच्या खिडकीबाहेर उभा राहिलो. मिस्त्रीनं मी शिकवल्याप्रमाणे धडाधड काम धरलं. पट्टी वेळेत, बटनांखालचे गोल लाकडी ब्लॉक वेळेत. घर कोणाचं तेही विचारलं नाही. दोन तास झाले तेव्हा वायर सगळी क्लिपांत बसली होती. आता जोडण्या तेवढ्या राहिल्या. शेजारचे लोक त्याच्या मागे पडले होते. मी खिडकीच्या गजांना धरून जवळजवळ नाचत होतो.

आणि तो थांबला. वरच्या कोपऱ्यापाशी, जिथे वायर वळते, तिथे त्यानं अंगठ्याचं नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. चष्मा काढून पुसला आणि जवळ जाऊन पाहिलं. माझ्या लक्षात आलं. घाईत सुरीचं टोक लागलं असणार. रबरावर चीर पडली असणार, केसाएवढी. एक क्लिप सरकवली असती तर झाकली गेली असती. दिवा लागला असता. साहेबांना दिसलं नसतं, कोणालाच दिसलं नसतं.

त्यानं वळून खिडकीकडे पाहिलं. मी दोन्ही हातांनी खुणा केल्या, सोडा, जाऊ द्या, पुढे चला. तो माझ्याकडे पाहत राहिला. रागानं नाही, कसल्या तक्रारीनंही नाही. एखाद्या पोराची समजूत घालावी तसं त्यानं मान हलवली. मग एकेक क्लिप उघडली, ती सगळी वायर काढून खाली ठेवली आणि नवीन वायर घेतली. घ्यायच्या आधी तिला जमिनीवर सरळ सोडून, टोकाला पाय देऊन, कापडानं दोनदा पुसूनही काढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संतापानं आलं असंच मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ती चीर माझी होती. ओट्यावर घड्याळ घेऊन मीच ती त्याच्या हातात घातली होती.

घंटा झाली. फळीवर वायर होती, बटनं होती, दिवा जोडलेला नव्हता. परीक्षक साहेब आले. तेच ते, मागच्या खेपेचे. त्यांनी खाली पडलेली वायर उचलली, बोटांतून सरकवत नेली आणि चिरेपाशी थांबले.

"मिस्त्री, नापास लिहावं लागतं," ते म्हणाले.

"लिवा साहेब. टायम झाला."

"किती वेळ हवा होता?"

"अर्धा घंटा."

बाकीचे लोक निघून गेले. साहेबांनी स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि म्हणाले, "मग करा पुरं." मिस्त्रीनं पुरं केलं. मीही आत गेलो, कोणी अडवलं नाही. अर्ध्या तासानं त्यानं खालचं बटन दाबलं, दिवा लागला. वरचं दाबलं, विझला. पेचांच्या सगळ्या खाचा उभ्या होत्या. मग त्यानं झाडू मागितला. साहेब शिपायाला म्हणाले, "ही फळी मोडू नका. इथेच भिंतीला लावून ठेवा."

परतीच्या गाडीत मी त्याच्यावर तुटून पडलो. "कोणाले दिसणार होतं? सांगा ना, कोणाले? कोणाचं घर होतं ते?"

मिस्त्री म्हणाला, "कोनाचंच नव्हतं, देवराव, म्हनून तं काढली. कोनाचं घर असन तं मालक पायते, बाई पायते, तुमी पायता. तिथी पायनारा मी एकटाच होतो."

चौथ्यांदा तो परीक्षेला बसला नाही. मी खूप सांगितलं, भांडलो, महिनाभर अबोला धरला. तो म्हणायचा, "आता घाई शिकाचं वय नाई माह्यं." डब्यांवर सही लिहिणंही थांबलं. त्यानंतरही त्यानं कितीतरी घरं केली आणि प्रत्येक कागदावर मी सही केली. तपासणीचे साहेब आले की मी आता आधीच सांगायचो, "काम मिस्त्रीचं आहे." साहेब मान हलवायचे आणि चौकोनात माझं नाव लिहायचे. त्यांचाही इलाज नव्हता.

मग काही वर्षांनी भाभी गेली. मिस्त्रीला बारीक दिसेना. पांढरकवड्याला दिलेल्या लेकीनं त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं. तो निघाला त्याच दिवशी मी परवान्याच्या कामासाठी यवतमाळचा बेत आखला. खरं म्हणजे काम पुढच्या महिन्यातही चाललं असतं. त्याच्या ट्रंकेबरोबर हत्यारांची गुंडाळी होती, ती त्यानं मांडीवर घेतली होती. यवतमाळला उतरलो तेव्हा पुढच्या गाडीला दोन तास होते. म्हटलं, चला मिस्त्री, माझा कागद देऊन येऊ.

त्या दिवशी नेमकी परीक्षा होती. शेडाच्या वऱ्हांड्यात उमेदवार थांबले होते. मी मिस्त्रीला दाराशी बाकावर बसवलं आणि कारकुनाच्या खिडकीशी गेलो. तिथून आत दिसत होतं. समोरच्या भिंतीवर मिस्त्रीची ती फळी टांगलेली, खाली कागदाची चिठ्ठी डकवलेली: नमुना. एवढंच. मी कारकुनाला म्हटलं, "याच्याखाली करणाराचं नाव लिहा." तो म्हणाला, "अहो, रजिस्टरात तो नापास आहे. नापास माणसाचं नाव नमुन्यावर कसं लावू?" माझा आवाज चढणार, तेवढ्यात मागे बोलणं ऐकू आलं, म्हणून मी वळलो.

मिस्त्री बाकावरून उठून दाराशी उभा होता. तिशीचा, मिशीवाला एक उमेदवार त्याला विचारत होता, "काका, तुमी परीक्षक हाव काय?"

"नाई बाप्पा," मिस्त्री म्हणाला, "मी नापास हाव."

तो माणूस हसला. चांगला होता बिचारा. त्यानं मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हिंमत सोडू नका काका, पुढच्या टायमाले होसान पास. तो वरचा नमुना पाहून ठेवा. मी दोन दिवसांपासून तोच पाहून राह्यलो. तसं काम केलं तं कोनाची हिंमत नाई नापास कराची."

मी तिकडे धावलोच. त्या माणसाला सांगायचं होतं, सगळ्या शेडाला ओरडून सांगायचं होतं. मिस्त्रीनं माझ्याकडे न पाहता हात मागे केला आणि माझं मनगट धरलं. घट्ट धरलं.

त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. डोळे बारीक करून बराच वेळ वर पाहत राहिला. दिसलं किती असेल, कोण जाणे.

"हो बाप्पा," तो त्या माणसाला म्हणाला, "काम चांगलं हाय."